दाराबाहेरची खुर्ची

सहलीला निघताना लोक आधी कपडे भरतात. आमच्याकडे आधी पेटी भरली जाते. उरलेल्या जागेत कपडे, आणि त्यातूनही जागा उरलीच तर मी.

त्या पेटीला मी सवत म्हणते. तिच्यात फिल्मवरचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारा, घडी होणारा एन्लार्जर आहे, तीन ट्रे, तांबडा दिवा, औषधांच्या तपकिरी बाटल्या, जाड काळं कापड, चिमटे आणि दोरी. आमचे हे दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यामुळे मापाचे ग्लास आणि बाटल्या हे त्यांचं सख्खं गणगोत. नोकरीत होते तोवर वर्षाला एक सहल आणि गेली आठ वर्षं दोन, असं चौतीस वर्षं आम्ही फिरतोय. कॅमेऱ्यात काळ्यापांढऱ्या फिल्मचा रोल, आणि प्रत्येक गावात लॉजच्या न्हाणीघराची डार्करूम. झरोक्याला काळं कापड, दाराखालच्या फटीला टॉवेल, कमोडच्या झाकणावर एन्लार्जर, फरशीवर ट्रे. लोक प्रवासात डोंगर बघतात, समुद्र बघतात. मी न्हाणीघरांची दारं बघितली, तीही बाहेरून.

कारण माझं काम बाहेर होतं. खुर्चीत बसून दार राखायचं, कुणाला उघडू द्यायचं नाही, आणि वेळ मोजायची. मी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून हे खातं माझ्याकडे. आतून हे 'सुरू' म्हणाले की मी मोठ्याने मोजायचं. एक, दोन, तीन. बारा म्हटलं की आत एन्लार्जरच्या दिव्याचं बटण खट्. मी एकदा म्हटलं, काट्याचं घड्याळ घ्या की एखादं. तर म्हणाले, घड्याळाकडे मान वळवून बघावं लागतं, बायको नुसती ऐकू येते.

खुर्ची कुठे ठेवायची हेसुद्धा हेच ठरवणार. दारापासून बरोबर दोन पावलं, तोंड खिडकीकडे. उजेड डोळ्यांवर येतो म्हणून मी ती जरा फिरवली की हे येऊन पुन्हा सरळ करणार. मग आत जाण्याआधी रोलमध्ये उरलेला शेवटचा फोटो दारातूनच खटकन कुठेतरी काढून टाकणार. रोल संपल्याशिवाय धुता येत नाही म्हणे. मी विणकामातून मानही वर करायचे नाही. चांगला फोटो वाया घालवतात, एवढं मात्र दर वेळी मनात यायचं.

एका लॉजच्या मालकीणबाई एकदा आंबूस वासाच्या मागावर तरातरा वर आल्या होत्या.

"तुमचे मिस्टर आत काय करतात?"

"फोटो धुतात."

"मग तुम्ही बाहेर का बसलात?"

त्या बाई गेल्यावर मी यांच्यावर विनाकारण खेकसले होते.

यांचा नियम एकच. ज्याचा फोटो काढला, त्याच्या हातात तो गाव सोडायच्या आत पडला पाहिजे. पहिल्या सहलीत यांनी एका रेल्वे फाटकवाल्याचा फोटो काढला होता आणि टपालाने पाठवतो म्हणाले होते. आज करू, उद्या करू, तीन महिने गेले. मग पाकीट टाकलं ते परत आलं. वर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, की म्हातारबाबा मागच्या महिन्यात वारले. त्या दिवशी हे जेवले नाहीत. तेव्हापासून चेहरा घेऊन गाव सोडायचं नाही. या नियमापायी आमच्या किती बसगाड्या चुकल्या त्याची मोजदाद गणिताच्या बाईंनीसुद्धा सोडून दिली आहे.

या वर्षी मात्र काहीतरी बिनसलं होतं. दाढी केली की हनुवटीवर एक ठिगळ राहायचं. चहा कपाऐवजी बशीत ओतला जायचा. आणि समोरच्याकडे बघताना हे मान वाकडी करायचे, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. मी विचारलं तर म्हणाले, मान आखडली आहे. मी मानेला तेल लावून दिलं, ते त्यांनी मुकाट्याने लावून घेतलं.

मागच्या गावात एका घड्याळजींचा फोटो काढला होता. छापून त्यांच्या हातात दिला तेव्हा मी शेजारीच होते. फोटो काळाठिक्कर. नाक कुठे संपतं आणि मिशी कुठे सुरू होते कळत नव्हतं. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, बराच वेळ बघितलं, मग भिंग काढून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "छान आलाय हो." भले गृहस्थ होते. हे खूश होऊन निघाले आणि मी यांच्या मागून खाली बघत चालत राहिले.

आता तरी बोलायचं ना? पण झाकली मूठ सव्वा लाखाची. यांनी स्वतःहून सांगितल्याशिवाय ती उघडायची नाही असं मी ठरवलं. खरं सांगते, भीतीही वाटत होती.

मग आलं हे गाव. थंड, कोरडं, चढउताराच्या गल्ल्यांचं. लॉजच्या समोर एका बाईंचं इस्त्रीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक लांब टेबल, दोन इस्त्र्या, कपड्यांची गाठोडी आणि दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला टांगलेला तळहाताएवढा आरसा. बाई पन्नाशीच्या. डाव्या भुवईतून एक जुना व्रण गेलेला, त्यामुळे तिथे केस उगवत नव्हते. यांनी दोन दिवस त्यांच्याकडे शर्ट नेऊन दिले, गप्पा मारल्या आणि तिसऱ्या दिवशी कॅमेरा नेला.

"माझा नका काढू," इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या. "मला माझा एकही फोटो आवडत नाही."

"का बरं?"

"त्यात मी नसतेच. दुसरीच कुणीतरी बाई वाकडं तोंड करून बसलेली असते. माझ्या मुलीच्या लग्नातले सगळे फोटो मी कपाटात उपडे ठेवलेत."

"मी काढतो. उद्या दुपारी तीनला आमची बस आहे, त्याआधी आणून देतो. आवडला नाही तर माझ्यासमोर फाडा."

बाईंनी इस्त्री उभी ठेवली आणि पदराने, म्हणजे त्या अंगावर एक पंचा घ्यायच्या त्याच्या टोकाने, तोंड पुसलं. एवढं आव्हान दिल्यावर नाही म्हणणारी बाई जन्माला यायची आहे.

दुपारी हे खोलीवर आले. खुर्ची सरळ केली, उरलेला एक फोटो खटकन काढून रोल संपवला आणि धुवून दोरीवर वाळत टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता छापायला आत गेले.

"सुरू."

मी बारा मोजले. खट्. मग ट्रेमधलं पाणी हलल्याचा आवाज, मग शांतता. पुन्हा "सुरू". या वेळी अठरा. मग आठ. मग पुन्हा बारा. एरवी दोन-तीन कागदांत काम व्हायचं. त्या दिवशी मी सात वेळा मोजलं. सातव्यानंतर आतून आवाजच येईना. मी विणकाम मांडीवर ठेवलं.

"अहो?"

"अगं," हे म्हणाले, "आत ये."

चौतीस वर्षांत हे दोन शब्द मी त्या बाजूने ऐकले नव्हते. टॉवेल बाजूला सारून मी आत गेले आणि दार लावून घेतलं. तांबड्या उजेडात हे बादली पालथी घालून तिच्यावर बसले होते. फरशीवर ओले कागद पडले होते. एक पांढराफटक, एक कोळसा, एकावर नुसतं धुकं.

"यांतला बरा कुठला?" यांनी विचारलं.

"एकही नाही."

हे हसले नाहीत. म्हणाले, "घड्याळजींचा कसा आला होता?"

"काळा," मी म्हटलं.

"मला वाटलंच." मग गुडघ्यावरचे हात उलटे करून बघत राहिले, जणू चूक तिथे होती. "डोळ्यांच्या डॉक्टरांनी फेब्रुवारीतच सांगितलं. मधलं जाणार, कडा राहणार. कशाकडेही सरळ बघितलं की मधोमध डाग. बाजूचं दिसतं. भिंत दिसते, खिडकी दिसते. माणसाकडे बघितलं की नेमका चेहरा जातो."

"माझाही?"

"तुझाही. कान दिसतात." मान जरा वाकडी करून म्हणाले, "कान चांगले आहेत."

मला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्हींना त्या न्हाणीघरात जागा नव्हती. मी यांच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांना आवडत नाही, पण त्या दिवशी त्यांनी मान बाजूला केली नाही.

"ही शेवटची सहल," हे म्हणाले. "पेटी इथेच कुणाला तरी देऊन टाकू. ज्याला चेहरा दिसत नाही त्याने लोकांचे फोटो काढायचे म्हणजे फसवणूक आहे. फक्त त्या बाईंना शब्द दिलाय."

सवत घर सोडून जाणार म्हटल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ही पेटी गेली तर हे आरामखुर्चीत बसून भिंतीच्या कडा बघत राहतील, हे मला स्वच्छ दिसलं.

"शब्द दिलाय तर पाळू या," मी म्हटलं. "काय करायचं ते सांगा. हात माझे, अक्कल तुमची."

"उलटं असतं तर बरं झालं असतं."

हे ऐकून जरा बरं वाटलं. चेष्टा करता येतेय म्हणजे माणूस अजून जागेवर आहे.

यांनी पहिल्यापासून शिकवलं. एन्लार्जरमधून निगेटिव्हची पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. सहा फोटोंची पट्टी, रोलची शेवटची. "एका बाजूला औषधाचा थर असतो. तो खाली आला पाहिजे, नाहीतर फोटो उलटा पडतो, डाव्याचं उजवं. तांबड्या उजेडात कळत नाही, म्हणून कड ओलसर ओठाला लावायची. जरा चिकटते ती औषधाची बाजू."

"ओठाला?"

"ओठाला. चौतीस वर्षं मी आत काय करत होतो असं वाटलं तुला?"

मी पट्टीची कड ओठाला लावली. चिकटली नाही. उलटी करून लावली. तीही चिकटली नाही. थंडीने ओठ फुटले होते, म्हणून सकाळीच मी त्यांच्यावर मलम चोपडलं होतं, आणि पट्टी दोन्ही बाजूंनी नुसती घसरत होती. आता कुणीही शहाणी बाई ओठ पुसून पुन्हा बघेल, नाहीतर विचारेल. पण मी तीस वर्षं शिकवलेलं. मला उत्तर येत नाही असं म्हणायची जिभेला सवय नाही. एक बाजू मनाने ठरवली आणि पट्टी बसवून टाकली.

मग आम्ही जोडीने कामाला लागलो. मी बटण दाबलं, मीच बारा मोजले, कागद पहिल्या ट्रेमध्ये सोडला आणि यांनी सांगितलं तसा ट्रे एका कोपऱ्याने हलवत राहिले. कोऱ्या कागदावर आधी भुवया उमटल्या. मग केस, मग खांद्यावरचा पंचा. मी नुसती बघत राहिले. इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं की चेहरा असा पाण्यातून वर येतो.

"बोल की," हे म्हणाले. "मला काय दिसतंय?"

"केस आले. डोळे आले."

"केस काळे की राखाडी?"

"राखाडी."

"अजून थांब. गालावर?"

"गाल पांढरा आहे अजून. आता जरा सावली पडली. नाकाच्या बाजूला."

"बुबुळात उजेडाचा ठिपका दिसतो?"

"दिसतो. इस्त्रीच्या टेबलाचा असेल."

"दाराचा आहे. मी तिला दाराकडे बघायला सांगितलं होतं. आता मोज वीस आणि काढ."

मी वीस मोजले आणि चिमट्याने कागद दुसऱ्या ट्रेमध्ये टाकला. चेहरा नीट होता. गाल गालासारखे, कपाळ कपाळासारखं. हे बादलीवर बसून ऐकत होते आणि माझ्याइतकंच बघत होते. हे मी समजूत काढायला म्हणत नाही. त्यांनी जे विचारलं ते मला आपण होऊन दिसलं नसतं.

दीड वाजता फोटो वाळला. हे म्हणाले, तूच देऊन ये, मी सामान आवरतो. मला माहीत होतं, त्यांना फाडल्याचा आवाज ऐकायचा नव्हता.

इस्त्रीवाल्या बाईंनी हात पंच्याला पुसले आणि फोटो दोन्ही हातांनी धरला. जवळ नेला, लांब धरला. मग तो माझ्याकडे वळवला आणि स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं.

"ही मी आहे," त्या म्हणाल्या. "अहो, ही मीच आहे. त्यांना कसं जमलं?"

मी काहीतरी म्हणणार, तेवढ्यात फोटो आणि बाईंचा चेहरा एका वेळी माझ्या डोळ्यांसमोर आला. समोर उभ्या बाईंचा व्रण माझ्या उजव्या हाताला होता. कागदावरच्या बाईंचा डाव्या हाताला. माझी बाजू चुकली होती. मी बाई उलट्या छापल्या होत्या.

बाईंना त्याचं काही नव्हतं. त्या फोटो घेऊन आरशाशी गेल्या, फोटो आरशाच्या शेजारी धरला आणि दोन्हींत आळीपाळीने बघू लागल्या. आरशातला व्रण आणि फोटोतला व्रण एकाच बाजूला होते.

"रोज सकाळी हिच्याशीच तर बोलते मी," त्या म्हणाल्या. आणि फोटो आरशाच्या चौकटीत खोचला, सरळ तोंड करून.

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून खोलीवर आले. पेटी भरून झाली होती. पट्टी तेवढी खिडकीजवळ दोरीला होती. यांनी माझ्या पावलांवरून काय ते ओळखायचा प्रयत्न केला.

"फाडला?"

"नाही. आरशाशेजारी लावला. पण माझं चुकलं. ओठांना मलम होतं, मला बाजू कळली नाही. मी उलटा छापला."

हे जे हसायला लागले ते थांबेनातच. डोळ्यांतून पाणी आलं. "अगं, म्हणून तर. माणूस स्वतःला रोज आरशात बघतो, म्हणजे उलटाच बघतो. ती तिला दिसते तशी तू छापलीस. मी आयुष्यभर माणसं जगाला दिसतात तशी छापत आलो." आणि डोळे पुसत म्हणाले, "ही चूक मी केलीच नसती. हुशार माणूस असं करत नाही."

"आता बाजू कशी कळते ते तरी बघू द्या," मी म्हटलं. रुमालाने ओठ चांगले घासून पुसले आणि दोरीवरची पट्टी काढून कड ओठाला लावली. एक बाजू घसरली. दुसरी अलगद चिकटली, ओठ सोडेना. एवढं सोपं होतं. खात्री करायला मी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. निगेटिव्ह मी कधी बघत नाही, त्यात सगळी माणसं भुतं दिसतात. पाचवा फोटो इस्त्रीवाल्या बाईंचा. त्याच्या पुढे, अगदी टोकाला, आणखी एक होता. खुर्चीत बसलेली एक बाई. केस काळेभोर. मांडीवर काहीतरी घेऊन मान खाली घातलेली.

"ही काळ्या केसांची कोण?"

"निगेटिव्ह आहे ते," हे म्हणाले. "पांढऱ्याचं काळं होतं."

मी पुन्हा बघितलं. खुर्ची या खोलीतली होती. मांडीवरचं विणकाम माझं होतं.

"रोल संपवायला कुठेतरी काढता ना तुम्ही?"

"कुठेतरी कशाला?" यांनी मान वाकडी केली आणि कडेने माझ्याकडे बघितलं. "खिडकीचा उजेड, दारापासून दोन पावलं. उगाच खुर्ची सरळ करत होतो का?"

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक रोलचा शेवटचा. घरी फायलींत आहेत सगळे."

माझं डोकं सवयीने चाललं. सव्वीस अधिक सोळा, बेचाळीस सहली. सहलीला सहा रोल. दोनशे बावन्न. दोनशे बावन्न वेळा हा माणूस दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता आणि मी टाके मोजत होते.

"मग एक तरी छापून द्यायचा," माझा आवाज चढला. "सगळ्या जगाला वाटलेत. तुमचा नियम आहे ना, ज्याचा काढला त्याला गाव सोडायच्या आत द्यायचा?"

"ते मागे राहणाऱ्यांसाठी," हे म्हणाले. "तू कधी मागे राहिलीसच नाहीस. म्हटलं, तुला केव्हाही देऊ." आणि मग हळूच म्हणाले, "आता मला छापता येत नाही."

मी घड्याळ बघितलं. दोन वाजून दहा मिनिटं. मग पेटीची कडी काढली आणि तिच्यातलं काळं कापड ओढून बाहेर काढलं.

"अगं, तीनची बस आहे."

"उद्याही तीनची आहे. आणि फायलींतले दोनशे एक्कावन्न उरलेत. ही पेटी कुठेही जात नाही."

झरोका झाकला. यांच्याकडून पहिल्या ट्रेचं औषध मापून घेतलं. ते हाताने सराईतपणे ओततात, बघावं लागत नाही. पट्टी पुन्हा एकदा ओठाला लावली आणि चिकटलेली बाजू खाली ठेवली, अगदी बरोबर. माझा मला उलटा नको होता. आरशातली बाई मी पुष्कळ बघितली आहे. यांना दिसायची ती बाई मला बघायची होती.

"तुम्ही बाहेर," मी म्हटलं.

"मी?"

"खुर्ची दारापासून दोन पावलांवर. कुणी दार उघडायला आलं तर सांगायचं, बायको आत फोटो धुते. आणि मोजायचं."

हे गेले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी टॉवेल फटीला लावला, तांबडा दिवा लावला, कागद ठेवला. बारा मोजून घेतले, कागद ट्रेमध्ये सोडला आणि म्हटलं, "सुरू."

बाहेरून हे मोजू लागले. एक, दोन, तीन. पाण्यातून आधी खिडकीचा उजेड वर आला, मग खुर्चीचा हात, मग पांढरे केस. मग खाली घातलेली मान, आणि ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी, टाका चुकल्यावर मी करते तसं. मला ते माहीतच नव्हतं. बाहेर हे सोळा, सतरा, आणि मग जरा थांबून एकोणीस म्हणाले.

मी जन्मभर पोरांचे आकडे दुरुस्त केले. त्या दिवशी ट्रे हलवत राहिले, आणि यांना मोजू दिलं.